एक तार, बत्तीस वाटेकरी : एका लाईनवर तीस जण कसे बोलतात?



पाचवीच्या वर्गात संदेशवहनाचा घटक चालू होता. पत्र, तार, टेलिफोन, मोबाइल असा क्रम फळ्यावर लिहून झाला. मी सहज म्हणालो, "पूर्वी एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणाऱ्या एकाच लाईनवरून तीस जण एकाच वेळी बोलायचे." मागच्या रांगेतून लगेच हात वर झाला. "सर, मंग त्यायचा आवाज एकमेकात मिसळत नसन का?"

प्रश्न शंभर टक्के बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. डी.एड.ला आपल्याला हे कोणी शिकवलेलं नसतं. "उद्या सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. मग दोन-तीन दिवस वाचन केलं आणि लक्षात आलं की हा विषय इंजिनिअरिंगचा असला तरी त्याचा गाभा गुणाकार, भागाकार आणि बाकी एवढाच आहे. त्यावर दोन तासिका घेतल्या. त्याच इथे मांडतो आहे.

इयत्ता : ५ वी ते ७ वी
गणिती आशय : गुणाकार, बाकी उरणारा भागाकार, २ च्या पटी, वेळेची एकके
साहित्य : पांढऱ्या चिठ्ठ्या, चार लाल चिठ्ठ्या, चार टोपल्या, खडू
वेळ : दोन तासिका

१. पूर्वज्ञान : सामाईक विहीर

आपल्या भागातल्या मुलांना "मल्टिप्लेक्सिंग" म्हटलं तर काही कळणार नाही, पण सामाईक विहीर म्हटलं की सगळं कळतं. चार भावांची एक विहीर, एक मोटर, एकच पाईपलाईन. पाणी वाटायचं कसं? मुलांनी दोन मार्ग सांगितले.

पहिला : पाटातच बांध घालून चार लहान पाट करायचे. चौघांनाही सतत पाणी, पण प्रत्येकाला बारीक धार.

दुसरा : पाळी लावायची. सोमवारी थोरल्याचं शेत, मंगळवारी दुसऱ्याचं. ज्याची पाळी त्याला पूर्ण धार.

टेलिफोनच्या जगातही हेच दोन मार्ग आहेत. पहिल्यात प्रत्येकाला वेगवेगळी कंप्रता, म्हणजे फ्रिक्वेन्सी, दिली जाते. एकाच हवेतून आकाशवाणीची अनेक केंद्रं येतात आणि मिसळत नाहीत, ती या मार्गानं. दुसऱ्या मार्गात वेळ वाटली जाते. डिजिटल लाईन या दुसऱ्या मार्गानं चालते. आपल्याला आज तीच बघायची आहे.

ही कल्पना जुनी आहे. फ्रान्सच्या एमिल बोदो यांनी १८७४ मध्ये तारयंत्राच्या अशा पद्धतीचं पेटंट घेतलं. एकाच तारेवर अनेक तारमास्तर बसवायचे आणि फिरत्या यंत्रानं प्रत्येकाला क्षणभर तार द्यायची. त्यांच्या नावावरूनच "बॉड" हे एकक आलं.

पण इथे मुलं अडतात आणि अडायलाच हवीत. पाण्याची पाळी दिवसाची असते. बोलणारा माणूस आपल्या पाळीची वाट बघत गप्प थोडाच बसेल?

२. आवाजाचे आकडे होतात

इथे मुलांना एक अनुभव द्या. वहीच्या कोपऱ्यांवर थोड्या थोड्या फरकाची चित्रं काढून पानं भरभर सोडली की चित्र हलताना दिसतं. प्रत्येक पान स्थिरच असतं, पण डोळ्याला सलग हालचाल वाटते. आवाजाचंही तसंच करता येतं. आवाज सलग पाठवायची गरज नाही, त्याची पुरेशी "पानं" पाठवली की कानाला तो सलग ऐकू येतो.

किती पानं पुरतात? टेलिफोनवर माणसाचं बोलणं समजायला साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचा आवाज पुरतो. थोडी मोकळी जागा धरून ४००० हर्ट्झ मानतात. नियम असा की सर्वांत वरच्या कंप्रतेच्या दुप्पट वेळा आवाज मोजला पाहिजे. म्हणून :

४००० × २ = सेकंदाला ८००० वेळा मोजणी

प्रत्येक मोजणीचा आकडा ८ बिटांत लिहितात. बिट म्हणजे ० किंवा १, दिवा बंद किंवा चालू. आठ दिव्यांच्या किती वेगवेगळ्या रचना होतील? मुलांना २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६ अशी साखळी फळ्यावर करू द्या. आठव्या पायरीला २५६ येतात. म्हणजे आवाजाच्या २५६ पायऱ्या.

८००० × ८ = सेकंदाला ६४,००० बिट, म्हणजे ६४ केबीपीएस

एका माणसाच्या बोलण्याला ६४ केबीपीएस लागतात, ही झाली आपली मूळ राशी. आवाज असा आकड्यांत पाठवण्याची कल्पना ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याला १९३७ मध्ये सुचली. त्या वेळी ती स्वस्तात करता येईल अशी साधनं नव्हती. अमेरिकेत १९६२ मध्ये अशी लाईन प्रत्यक्ष वापरात आली.

आता पाळीचा प्रश्न सुटला. दोन मोजण्यांच्या मध्ये सेकंदाचा आठ हजारावा भाग, म्हणजे १२५ मायक्रोसेकंद, एवढा वेळ असतो. माणसाला तो जाणवतही नाही, पण यंत्राला तो भरपूर होतो. पहिल्याच्या दोन मोजण्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात बाकीच्यांच्या मोजण्या पाठवून द्यायच्या. कोणालाच गप्प बसावं लागत नाही.

३. कृती : चिठ्ठ्यांचा खेळ

चार मुलांना चार अक्षरी गावं द्या : बुलढाणा, खामगाव, मेहकर, सिंदखेड. एकेक अक्षर एकेका पांढऱ्या चिठ्ठीवर. चिठ्ठीवर नाव, नंबर काहीही लिहायचं नाही. दार म्हणजे आपली तार. एका वेळी एकच चिठ्ठी दारातून जाईल. चौघं क्रमानं एकेक चिठ्ठी देतील :

बु, खा, मे, सिं — ल, म, ह, द — ढा, गा, क, खे — णा, व, र, ड

दारापलीकडे चार टोपल्या ठेवा. तिथला मुलगा फक्त मोजत जाईल : पहिली चिठ्ठी पहिल्या टोपलीत, दुसरी दुसऱ्या, पाचवी पुन्हा पहिल्या. शेवटी टोपल्या उघडा. चारही गावं जशीच्या तशी निघतात. चिठ्ठीवर पत्ता नव्हता, तिची जागा हाच तिचा पत्ता होता. माझ्या वर्गात या वाक्यापाशी शांतता झाली. मुलांना पटलं होतं.

आता खेळ पुन्हा घ्या, पण या वेळी वाटेत तिसरी चिठ्ठी ("मे") हळूच खिशात घाला. पलीकडच्या मुलाला सांगू नका. टोपल्या उघडल्यावर काय निघतं बघा :

पहिली टोपली : बुमगाव
दुसरी टोपली : खाहकर
तिसरी टोपली : सिंदखेड
चौथी टोपली : लढाणा

वर्गात हसून हसून पुरेवाट होते. पण हसणं ओसरल्यावर तिसऱ्या टोपलीकडे बोट दाखवा. तिथला शब्द अगदी बरोबर आहे, पण ती टोपली मेहकरची आहे! सिंदखेडचा निरोप मेहकरच्या घरी पोचला. चिठ्ठी फक्त एक हरवली, पण त्यानंतरच्या प्रत्येक चिठ्ठीचं घर चुकलं.

उपाय मुलांनाच विचारा. माझ्या वर्गात "प्रत्येक चिठ्ठीवर नाव लिहू" हे उत्तर आधी आलं. ते चूक नाही, त्याकडे आपण शेवटी येऊ. नंतर एक मुलगी म्हणाली, "सर, पहिल्या नंबरच्या आधी दरवेळी घंटी वाजवा." हेच हवं होतं. घंटेऐवजी लाल चिठ्ठी घेऊ. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला एक लाल चिठ्ठी. ती दिसली की आधीची मोजणी सोडून द्यायची आणि पुन्हा पहिल्या टोपलीपासून सुरू करायचं.

तिसरी चिठ्ठी पुन्हा हरवा. आता बुलढाणा आणि खामगाव बरोबर निघतात. तिसऱ्या टोपलीत "सिंहकर" आणि चौथीत "दखेड". नुकसान झालं, पण एका फेरीपुरतं. पुढचं सगळं ठिकाणावर आलं.

याची किंमतही मोजायला लावा. आधी १६ चिठ्ठ्या गेल्या, आता २० गेल्या. चार लाल चिठ्ठ्यांत कोणाचंच अक्षर नव्हतं. शिस्तीसाठी जागा द्यावी लागते. शाळेत परिपाठाचा वेळ जातो, तसंच हे.

४. खरी लाईन : बत्तीस खण

आपल्या देशात आणि युरोपात जी डिजिटल लाईन वापरतात तिला "ई-वन" म्हणतात. तांब्याच्या तारेवर असेल तर दोन जोड्या लागतात, एक जायला आणि एक यायला. आपल्या खेळात चार वाटेकरी होते, हिच्यात ३२ खण आहेत, ० ते ३१.

एका फेरीत ३२ खण × ८ बिट = २५६ बिट
सेकंदाला २५६ × ८००० = २०,४८,००० बिट
दुसऱ्या वाटेनं : ३२ × ६४ केबीपीएस = २०४८ केबीपीएस

दोन्ही वाटांनी उत्तर एकच आलं की मुलांना फार बरं वाटतं. बोलीभाषेत हिलाच "दोन एमबीची लाईन" म्हणायचे.

या बत्तीसपैकी ० क्रमांकाचा खण म्हणजे आपली लाल चिठ्ठी. त्यात एक सोडून एका फेरीत ००११०११ ही ठरलेली खूण येते. पलीकडचं यंत्र ती ओळखून मोजणी जुळवून घेतं. १६ क्रमांकाचा खण कामकाजाचा. कोणत्या चॅनेलवरचा फोन उचलला, कोणाचा ठेवला, ही माहिती त्यातून जाते. एका खणातून तीस जणांची खबर कशी जाते? सोळा फेऱ्यांचा एक गट करतात. पहिली फेरी गटाच्या खुणेसाठी. उरलेल्या १५ फेऱ्यांत प्रत्येकी दोन चॅनेलची खबर, प्रत्येकाला चार बिट. १५ × २ = ३०. हे गणित मुलांकडून करून घ्या, त्यांना ते कोड्यासारखं वाटतं.

३२ मधून हे दोन गेले, राहिले ३०. म्हणून तीस जण बोलतात.

सहावी-सातवीला आणखी एक गणित देता येतं. अमेरिका आणि जपानमध्ये "टी-वन" लाईन असते. तिच्यात २४ खण. २४ × ६४ = १५३६. पण लाईनचा वेग १५४४ केबीपीएस आहे. वरचे ८ कुठले? तिथे खुणेसाठी अख्खा खण न देता दर फेरीला एकच बिट देतात. सेकंदाला ८००० फेऱ्या, म्हणून ८००० बिट, म्हणजे ८ केबीपीएस.

५. राउटर या लाईनची वाटणी कशी करतो?

आतापर्यंत बोलणं झालं. आता आकड्यांत साठवलेली कोणतीही माहिती घ्या : बँकेचा हिशोब, तहसीलचा सातबारा, शाळेची पटनोंदणी. तीही बिटच आहे. मग हे खण तिच्यासाठी का नाही वापरायचे? तसेच वापरले गेले.

राउटर म्हणजे माहितीला वाट दाखवणारी पेटी. मुख्य कार्यालयाच्या राउटरला ई-वनची एकच वायर येते. पण त्याला सांगता येतं की हे खण एका गटाचे, ते खण दुसऱ्या गटाचे. ही सूचना साधारण अशा अर्थाची असते : "चॅनेल-ग्रुप ०, टाइमस्लॉट १ ते ४". अशी एकेक ओळ लिहिली की राउटर एका वायरच्या जागी अनेक वेगळ्या लाईन असल्यासारखा वागू लागतो. उदाहरणार्थ :

गट ० : खण १ ते ४ → ४ × ६४ = २५६ केबीपीएस
गट १ : खण ५ आणि ६ → २ × ६४ = १२८ केबीपीएस
गट २ : खण ७ → ६४ केबीपीएस

मध्ये टेलिफोन केंद्रातलं यंत्र हे खण वेगळे करून ज्याचे त्याच्या गावाकडे वळवतं. पाटाला चाऱ्या फोडतात तसं. गावातल्या शाखेला फक्त आपली ६४ किंवा १२८ ची लाईन दिसते. मुख्य कार्यालयाला वीस शाखांसाठी वीस वायरी आणि वीस जोडण्या लावत बसावं लागत नाही. या पद्धतीला "चॅनेलाइज्ड ई-वन" म्हणतात.

लाईन फक्त माहितीसाठी असेल तर १६ वा खणही सहसा मोकळा वापरता येतो. तेव्हा ३१ × ६४ = १९८४ केबीपीएस हाताशी येतात. शून्याचा खण मात्र कोणालाच मिळत नाही. लाल चिठ्ठी ती लाल चिठ्ठीच.

वाटणीचे तीन नियम मी मुलांना खेळाच्या भाषेत सांगितले :

एक, एक खण दोन गटांना देता येत नाही.

दोन, दोन्ही टोकांना खणांची यादी सारखीच हवी. इकडे १ ते ४ आणि तिकडे १ ते ५ लिहिलं, तर वायर जोडलेली दिसते, दिवाही हिरवा असतो, पण माहिती जात नाही. बुमगाव होतं!

तीन, घड्याळ एकाचंच चालतं. एक टोक ताल देतं आणि दुसरं तो पकडतं. दोघांनी आपापलं घड्याळ लावलं तर किंचितशा फरकानंही अधूनमधून चिठ्ठी हुकते. सामुदायिक कवायतीत दोन शिट्ट्या वाजल्या तर काय होतं, हे मुलांना सांगावं लागत नाही.

६. कृती : तेरा तालुक्यांची वाटणी

हे गणित मी मनानं मांडलेलं आहे, ते तसंच सांगून द्या. समजा बुलढाण्याला एकच ई-वन आहे आणि जिल्ह्यातल्या तेराही तालुक्यांना त्यातून वाटा द्यायचा आहे. खण ३१.

३१ ÷ १३ = भागाकार २, बाकी ५

प्रत्येकाला २ खण, म्हणजे १२८ केबीपीएस. उरले ५ खण, म्हणजे ३२० केबीपीएस. या पाच खणांचं काय करायचं?

पुस्तकातला भागाकार "बाकी ५" लिहून संपतो. इथे तो तिथूनच सुरू होतो. एक गट म्हणाला, जिथे लोकसंख्या जास्त त्या पाच तालुक्यांना एकेक द्या. दुसरा म्हणाला, नाही, संग्रामपूर आणि जळगाव जामोदला द्या, ते जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर पडतात, त्यांचे लोक चकरा कशा मारतील? तिसऱ्या गटानं पाचही खण कोणालाच द्यायचे नाहीत असं ठरवलं. "कोण्या तालुक्यात पूर आला तर त्याले देऊ." तिन्ही उत्तरांना मी पूर्ण गुण दिले, अट एकच होती की कारण लिहायचं.

यानंतर खरी गोष्ट सांगा. केंद्र सरकारनं २००५ मध्ये राज्यव्यापी नेटवर्कची योजना मंजूर केली. राज्याचं मुख्यालय, जिल्हा आणि तालुका यांना किमान २ एमबीपीएसनं जोडायचं, असं त्यात होतं. म्हणजे आपण तेरा जणांत जे वाटलं, साधारण तेवढं एकेका तालुक्याला. आता १३ × २०४८ करा. २६,६२४ केबीपीएस, म्हणजे साडेसव्वीस एमबीपीएसच्या आसपास. आज एखाद्या घरात ५० एमबीपीएसची फायबर जोडणी येते आणि तरी आपण "नेट स्लो आहे" म्हणतो!

७. एकतिसावा माणूस

आता ज्या प्रश्नामुळे हा लेख लिहावासा वाटला, तो प्रश्न. खणांचं गणित संपल्यावर पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, तीस जण बोलत असतानी एकतिसाव्यानं फोन लावला तर तो काय करते?"

मी क्षणभर बोललोच नाही, कारण तो एकतिसावा माणूस मी पाहिलेला आहे.

मी तिसरी-चौथीत असताना आमच्या आजोबांना अकोल्याला दवाखान्यात नेलं होतं. गावात एकच एसटीडी बूथ. बाबा मला घेऊन रात्री तिथे जायचे, कारण रात्री दर कमी असायचे. लाकडी खोक्यात बाबा नंबर फिरवायचे आणि आतून एक बाई शांत आवाजात सांगायची की या मार्गावरच्या सर्व लाईन व्यस्त आहेत. बाबा ठेवायचे, पुन्हा फिरवायचे. बाहेर बाकावर आणखी सहा-सात जण बसलेले. एका रात्री नऊ-दहा वेळा तेच ऐकून बाबा तसेच घरी परतले. आजोबांची तब्येत कशी आहे, हे त्या रात्री आम्हाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या फटक्यात फोन लागला. आजोबा बरे होते. पण ती रात्र आईनं जागून काढली.

मला कित्येक वर्षं वाटायचं की ती बाई मुद्दामच फोन लागू देत नाही. आता कळतं, तिथे कोणी बाई नव्हती. मार्गावर जेवढे खण होते तेवढे भरलेले होते. आणि ते भरले होते, कारण स्वस्त दरासाठी आमच्यासारखेच सगळे त्याच वेळी बूथवर आले होते.

मुलांना एवढं सगळं सांगितलं नाही, थोडक्यात सांगितलं. पण ती मुलगी थांबली नाही. "मंग जास्तीच्या लाईन काहून नाही टाकल्या?" याचंही उत्तर गणितात आहे. डेन्मार्कचे गणितज्ञ आग्नर एर्लांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करत होते. किती लोकांसाठी किती लाईन पुरतील, याचं सूत्र त्यांनी १९१७ मध्ये दिलं. त्यांच्याच नावानं आज फोनची गर्दी मोजतात. एक लाईन तासभर सतत चालू राहिली तर १ एर्लांग.

मुलांसाठी सोपं उदाहरण : तासात ४० फोन, प्रत्येक ३ मिनिटांचा. ४० × ३ = १२० मिनिटं = २ तास, म्हणजे २ एर्लांग.

त्या सूत्रानुसार ३० लाईनवर सुमारे २० एर्लांग गर्दी असेल, तर शंभरात साधारण एकाचाच फोन अडतो. २० एर्लांग म्हणजे २० × ६० = १२०० मिनिटं, ३ मिनिटांचा एक धरला तर तासाला ४०० फोन. बघा, तीस खणांत चारशे फोन! सगळे एकदम येत नाहीत, म्हणून हे जमतं. पण ज्या रात्री सगळे एकदम येतात, त्या रात्री शंभरातला तो एक राहत नाही, बाकावर रांग लागते. सरासरी बरोबर असते, तरीही कोणाच्या तरी घरी आई जागी असते.

८. मग आज काय बदललं?

"प्रत्येक चिठ्ठीवर नाव लिहू" म्हणणारी मुलं आठवतात ना? आजचं इंटरनेट त्यांच्या मतानं चालतं. माहितीचे तुकडे करतात, प्रत्येकावर पत्ता लिहितात आणि जागा मिळेल तसे सोडून देतात. ठरलेला खण कोणालाच नाही.

यातला फायदा-तोटा पुन्हा विहिरीवर नेऊन समजवा. पाळीच्या पद्धतीत धाकटा भाऊ गावाला गेला तरी मंगळवार त्याचाच, पाणी वाया गेलं तरी चालेल. ई-वनमध्येही तसंच. तुम्ही फोनवर गप्प बसलात तरी तुमचा खण रिकामा धावतच राहतो. पत्त्याच्या पद्धतीत वाया काही जात नाही, ज्याला लागेल तो घेतो. पण सगळ्यांना एकदम लागलं की सगळ्यांचीच धार बारीक होते. म्हणून सायंकाळी व्हिडिओ अडकत अडकत चालतो. तिथे "लाईन व्यस्त आहे" असं कोणी सांगत नाही, नुसतं गोल फिरत राहतं.

तरीही ई-वनला कमी लेखू नका. २जी मोबाइलचे मनोरे मागच्या केंद्राला याच लाईननं जोडले जायचे, आणि तिथे तर ६४ च्या एका खणाचेही चार भाग करून प्रत्येकी १६ केबीपीएसमध्ये एकेक संभाषण बसवायचे. पुढे फायबरवर एसटीएम-१ नावाच्या १५५ एमबीपीएसच्या लाईनमध्ये अशा ६३ ई-वन एकत्र जाऊ लागल्या. ६३ × ३० = १८९० जण एकाच वेळी.

मूल्यमापनासाठी प्रश्न

१) एका शाखेला ३८४ केबीपीएस हवे आहेत. किती खण लागतील? (उत्तर : ६)
२) ई-वनमधले १ ते १० खण एका गटाला दिले. उरलेल्या खणांतून, १६ वा धरून, किती केबीपीएस मिळतील? (उत्तर : २१ × ६४ = १३४४)
३) चिठ्ठ्यांच्या खेळात पाच वाटेकरी आणि दर फेरीला एक लाल चिठ्ठी असेल, तर सहा फेऱ्यांत एकूण किती चिठ्ठ्या जातील? त्यातल्या कामाच्या किती? (उत्तर : ३६ आणि ३०)
४) तासात ५० फोन, प्रत्येक ६ मिनिटांचा. किती एर्लांग? (उत्तर : ५)
५) तेरा तालुक्यांच्या गणितातले उरलेले पाच खण तुम्ही कोणाला द्याल? कारण लिहा.

पालकांसाठी दोन शब्द

घरी नेट हळू चाललं की मूल चिडतं, आपणही चिडतो. अशा वेळी त्याला विचारा, "आत्ता आपल्या घरात किती वाटेकरी आहेत?" टीव्ही, दोन मोबाइल, शेजारच्याला दिलेला पासवर्ड, सगळे त्याला मोजू द्या. आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना एसटीडी बूथची आठवण विचारायला सांगा. माझ्या वर्गातल्या मुलांनी विचारली. पस्तीसपैकी एकोणीस घरांत त्या "सर्व लाईन व्यस्त" ची काही ना काही गोष्ट निघाली. कोणाचं बाळंतपण, कोणाची नोकरीची मुलाखत, कोणाचा मयतीचा निरोप.

पाचव्या प्रश्नाच्या वह्या तपासताना, एकतिसाव्या माणसाबद्दल विचारणाऱ्या त्या मुलीनं काय लिहिलं ते आधी पाहिलं. तिनं चार खण तालुक्यांना वाटले होते आणि पाचवा रिकामा ठेवला होता. कारणाच्या ओळीत लिहिलं होतं : "दवाखान्यासाठी."